वाचकांचे प्रश्न : इ.स.पू. १३३ मध्ये रोमचे काय बिघडले?

गेल्या अंकातील एका टिपणात आम्ही असे विधान केले होते की, रोमन प्रजासत्ताकाची घसरण ज्युलियस सीझरपासून मोजू नये. ती त्याच्या जन्माच्या तेहेतीस वर्षे आधी, इ.स.पू. १३३ मध्ये, टायबेरियस ग्रॅकस या ट्रिब्यूनच्या, म्हणजे सामान्य लोकांच्या रक्षणासाठी निवडलेल्या प्रतिनिधीच्या हत्येने सुरू झाली. या दोन ओळींवर बरीच पत्रे आली. काहींना विधान पटले नाही आणि काहींना ते अपुरे वाटले. अपुरे वाटणाऱ्यांचे म्हणणे आम्हांला मान्य आहे. निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न (एक वाचक, सांगली) : राजकारणात माणसे मारली जातच आली आहेत. एका लोकप्रतिनिधीच्या खुनामुळे एक वर्ष इतिहासाचा टप्पा कसे ठरते? त्या वर्षी भूमध्य समुद्राच्या काठावर दुसरे काही घडतच नव्हते का?

उत्तर : घडत होते, आणि नेमके तेच आमच्या टिपणातून निसटले. त्या एका वर्षात स्पेनमधील नुमान्शिया हे शहर उपासमारीने शरण आले. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागातील पर्गाममचा राजा तिसरा अत्तालस निपुत्रिक वारला आणि मृत्युपत्राने आपले राज्य रोमन लोकांच्या नावे करून गेला. सिसिलीत बंडखोर गुलामांनी उभारलेले राज्य मोडण्यासाठी रोमचा एक कॉन्सल, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेल्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक, सैन्यासह तळ ठोकून होता. आणि खुद्द रोममध्ये कॅपिटोल टेकडीवर, भर सभेत, तीनशेहून अधिक माणसे मारली गेली. पाठ्यपुस्तकांत या चार घटना चार प्रकरणांत येतात, म्हणून त्या सुट्या वाटतात. आमच्या मते त्या एकमेकींत अडकलेल्या आहेत, आणि टायबेरियसचा खून कळायचा असेल तर सुरुवात स्पेनपासून करावी लागते.

इ.स.पू. १३७ मध्ये मान्सिनस नावाच्या कॉन्सलचे सैन्य नुमान्शियाजवळ कोंडीत सापडले. तहाची बोलणी करायची तर टायबेरियसशीच करू, असे नुमान्शियाच्या लोकांनी कळवले, कारण त्याच्या वडिलांनी त्या मुलखात पूर्वी केलेला तह रोमने पाळला होता. टायबेरियस तेव्हा क्वेस्टर, म्हणजे सैन्याचा खजिनदार होता. त्याने तह केला आणि चरित्रकार प्लुटार्कच्या आकड्यानुसार वीस हजार रोमन नागरिक जिवंत सुटले. परतीच्या वाटेवर त्याच्या ध्यानात आले की, छावणीच्या लुटीत आपल्या हिशेबाच्या पाट्या शत्रूच्या हाती गेल्या आहेत. पाट्यांशिवाय हिशेब देता येणार नाही आणि विरोधक त्याचे भांडवल करतील, या भीतीने तो मोजक्या सोबत्यांना घेऊन पुन्हा त्याच शहराच्या वेशीपाशी गेला. शहरवाल्यांनी त्याला आत बोलावले, जेवू घातले, पाट्या परत केल्या आणि आणखी हवे ते घेऊन जा म्हणाले. त्याने पूजेला लागणारा धूप तेवढा घेतला.

सिनेटने, म्हणजे रोमच्या मातब्बरांच्या सभेने, हा तह फेटाळला. तह करणाऱ्या मान्सिनसला विवस्त्र करून, हात बांधून नुमान्शियाच्या हवाली करण्यात आले आणि नुमान्शियाने त्याला घेण्यास नकार दिला. टायबेरियस शिक्षेतून वाचला, पण त्याने दिलेला शब्द मातीमोल झाला. सिसेरोसारख्या नंतरच्या लेखकांनी त्याच्या पुढील राजकारणाचे मूळ याच अपमानात शोधले आहे. आम्हांला ते स्पष्टीकरण अर्धेच वाटते. स्पेनमधील लांबलेल्या मोहिमांत सैनिक म्हणून जाणारा लहान शेतकरी घरी परतेपर्यंत त्याच्या शेताची दैना झालेली असे. आणि ठरावीक मालमत्ता असल्याशिवाय रोमन सैन्यात भरती होत नसे. जमीन गेली की शेतकरीही गेला आणि सैनिकही गेला. जमिनीचा प्रश्न हा त्यामुळे दयेचा विषय नव्हता, लष्करी भरतीचा होता.

नुमान्शिया अखेर स्किपिओ एमिलियानस या सेनापतीने घेतले, तेही लढाई टाळून. त्याने शहराभोवती भिंत आणि सात किल्ले बांधले, नदीची वाट बंद केली आणि उपासमारीची वाट पाहिली. शरणागतीच्या वेळी उरलेल्यांपैकी अनेकांनी स्वतःचा जीव घेतला. पन्नास जण विजययात्रेसाठी वेगळे काढून बाकीचे विकले गेले. हा स्किपिओ टायबेरियसच्या बहिणीचा नवरा होता, हे येथेच सांगून ठेवतो, कारण या गोष्टीतील नातीगोती पुढे लागणार आहेत.

प्रश्न (एक शेतकरी वाचक, बारामती) : टायबेरियसचा कायदा म्हणजे आपल्याकडील कमाल जमीनधारणा कायद्यासारखाच होता, असे म्हणता येईल का?

उत्तर : वरवर पाहता साम्य आहे, पण एक मूलभूत फरक लक्षात ठेवावा. आपला कायदा खासगी मालकीच्या शेतजमिनीला मर्यादा घालतो. टायबेरियसचा कायदा खासगी जमिनीला हातच लावत नव्हता. रोमने इटलीतील पराभूत नगरांकडून वेळोवेळी जी जमीन काढून घेतली होती, ती नावाने सार्वजनिक होती आणि वहिवाटीने धनिकांच्या ताब्यात गेली होती. एका माणसाने अशी जमीन पाचशे यूगेरांहून अधिक बाळगू नये, असा जुना नियम होताच. तो कोणी पाळत नव्हते. यूगेरम म्हणजे एक बैलजोडी एका दिवसात नांगरील एवढे क्षेत्र, आपल्या हिशेबाने साधारण पंचवीस गुंठे. पाचशे यूगेर म्हणजे तीनशे एकरांच्या वर गेले. टायबेरियसने हीच मर्यादा कायम ठेवली, मुलांसाठी वाढीव जमीन राखण्याची मुभा दिली आणि तेवढ्या जमिनीवरील ताबा पक्का करून दिला. वरची जमीन तेवढी काढून भूमिहीनांना वाटायची होती, आणि ती पुन्हा धनिकांच्या घशात जाऊ नये म्हणून विकण्याची बंदी घातली होती. तेव्हा साम्यच शोधायचे असेल तर ते गायरानावरील अतिक्रमण हटवण्याशी अधिक जवळचे ठरेल.

आणि अतिक्रमण जुने झाले की काय होते, ते आपण जाणताच. ॲपियन या इतिहासकाराने धनिकांच्या तक्रारी नोंदवल्या आहेत : या जमिनीत आमच्या पूर्वजांच्या समाध्या आहेत, वाटणीत ही वडिलोपार्जित म्हणून आमच्याकडे आली, बायकोच्या हुंड्याचा पैसा हिच्यात घातला आहे, मुलीला हीच हुंड्यात दिली आहे. सावकार म्हणत होते की, आमची कर्जे या जमिनीवर आहेत. यांतील प्रत्येक तक्रार खोटी नव्हती. सातबारा नसलेल्या मुलखात दोन-दोन पिढ्यांची वहिवाट मोजायला निघाल्यावर सरकारी जमीन कोठे संपते आणि स्वतःची कोठे सुरू होते, हे प्रामाणिक माणसालाही सांगता येत नव्हते.

हा मसुदा एकट्या तरुणाच्या डोक्यातून निघाला नव्हता, हेही ध्यानात घ्यावे. सिनेटमधील अग्रगण्य सदस्य आणि टायबेरियसचा सासरा ॲपियस क्लॉडियस, त्या वर्षीचा कॉन्सल व नामांकित कायदेपंडित म्यूकियस स्कीव्होला आणि त्याचा भाऊ क्रॅसस हे त्याच्या पाठीशी होते. श्रीमंतांविरुद्ध गरीब असे सरळ चित्र येथे जुळत नाही. सिनेटमधील एका गटाविरुद्ध दुसरा गट, हेही तितकेच खरे होते.

प्रश्न (कायद्याची एक विद्यार्थिनी, पुणे) : टायबेरियसने आपला सहकारी ऑक्टेव्हियस याला पदावरून दूर केले. ही कृती बेकायदेशीर होती का?

उत्तर : या स्तंभाकडे आलेल्या पत्रांतील हा सर्वांत अवघड प्रश्न आहे, आणि आमच्या मते त्या वर्षाचे मर्म येथेच आहे.

दर वर्षी दहा ट्रिब्यून निवडले जात. त्यांच्यापैकी कोणीही एक 'मना करतो' म्हणाला की, बाकीच्या नऊ जणांचा प्रस्ताव थांबत असे. हा नकाराधिकार मुळात सामान्य नागरिकाला उच्चकुलीन अधिकाऱ्यांपासून वाचवण्यासाठी होता. टायबेरियसने आपला मसुदा सिनेटपुढे न ठेवता थेट मतदार नागरिकांच्या सभेपुढे नेला. तसे करण्यास कायद्याची मनाई नव्हती, पण रिवाज तसा नव्हता. मार्कस ऑक्टेव्हियसने नकाराधिकार वापरला. नकारही नियमात बसत होता. मात्र ज्याला बहुसंख्य लोकांचा उघड पाठिंबा आहे असा प्रस्ताव अखेरपर्यंत अडवून धरायचा, हेही रिवाजाला धरून नव्हते. साधारणपणे अडवणारा थोडा वेळ ताणून मागे हटत असे. ऑक्टेव्हियस हटला नाही. त्याच्याकडे स्वतःची अशी सार्वजनिक जमीन होती. तुझे नुकसान मी माझ्या खिशातून भरून देतो, असे टायबेरियसने त्याला सांगितल्याची नोंद आहे. मग टायबेरियसने मतदान होईपर्यंत सर्व सरकारी कामकाज बंद पाडले आणि शनिदेवाच्या मंदिरातील खजिन्याला आपली मोहोर लावली. एकाने आपला हक्क शेवटच्या टोकापर्यंत ताणला, म्हणून दुसऱ्यानेही ताणला.

शेवटी त्याने ऑक्टेव्हियसच्या पदच्युतीचाच प्रस्ताव मांडला. मतदारांचे पस्तीस गट होते आणि प्रत्येक गटाचे एक मत धरले जाई. सतरा गटांनी ऑक्टेव्हियसविरुद्ध कौल दिला. अठराव्यावर बहुमत होणार होते. तेथे टायबेरियसने मतमोजणी थांबवली, सर्वांसमक्ष ऑक्टेव्हियसला मिठी मारून विनवले की, मला हे करायला लावू नकोस. प्लुटार्क सांगतो की, ऑक्टेव्हियसचे डोळे भरून आले आणि तो बराच वेळ गप्प राहिला. पण त्याची नजर एका बाजूला घोळक्याने उभ्या असलेल्या श्रीमंतांकडे गेली आणि तो म्हणाला, तुला करायचे ते कर. अठराव्या गटाचे मत पडले. त्याला व्यासपीठावरून ओढून खाली उतरवण्यात आले, आणि त्या गर्दीत त्याला वाचवू पाहणाऱ्या एका नोकराचे डोळे गेले.

आता आपल्या प्रश्नाकडे. ट्रिब्यूनला मुदतीपूर्वी काढता येते, असा कायदा नव्हता. काढता येत नाही, असाही नव्हता. टायबेरियसचा युक्तिवाद असा होता की, लोकांच्या रक्षणासाठी नेमलेला माणूस लोकांच्याच विरुद्ध उभा राहिला, तर त्याने स्वतःच आपले पद सोडले असे धरावे. युक्तिवाद आकर्षक आहे. पण टायटस ॲनियस नावाच्या एका माजी कॉन्सलने त्याला विचारलेला प्रश्न त्याहून टोकदार होता : समजा तू माझ्यावर अन्याय केलास, मी तुझ्या एखाद्या सहकाऱ्याकडे दाद मागितली, तो माझ्या मदतीला आला आणि तुला राग आला, तर तू त्यालाही पदावरून काढशील काय? एरवी हजरजबाबी असलेला टायबेरियस यावर निरुत्तर झाला, असे प्लुटार्क म्हणतो. नकाराधिकार बहुमताने काढून घेता येत असेल, तर तो नकाराधिकार राहतच नाही. आमचे मत विचाराल तर, टायबेरियसचा मसुदा न्याय्य होता आणि ऑक्टेव्हियसला हटवण्याची त्याची कृती घातक होती. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात.

प्रश्न (एक वाचक, मडगाव) : एखादा राजा आपले राज्य परक्यांच्या नावे का करील?

उत्तर : आज हे विचित्र वाटते, पण अत्तालस पहिला नव्हता. इजिप्तच्या आठव्या टॉलेमीने इ.स.पू. १५५ मध्ये, आपण निपुत्रिक मेलो तर सायरीनीचे (आजच्या लिबियातील) राज्य रोमला जावे, असे मृत्युपत्र शिलालेखाद्वारे जाहीर केले होते. त्यात हिशेब होता : मला मारून गादी मिळवू पाहणाऱ्याच्या हाती काहीच लागणार नाही, हे सर्वांना कळावे. अत्तालसचाही असाच काही विचार असू शकेल. त्याच्या मृत्युपत्राला पर्गाममच्याच एका शिलालेखाचा आधार आहे.

पण त्या मृत्युपत्राचे महत्त्व आशियापेक्षा रोममध्ये अधिक जाणवले. जमिनीचा कायदा मंजूर होऊन वाटपासाठी तीन जणांचा आयोग नेमला गेला होता. त्याला सिनेटने दिवसाचा क्षुल्लक भत्ता ठरवून दिला होता आणि साधा सरकारी तंबूही नाकारला होता; भूमिहीनाला नुसती जमीन देऊन भागत नाही, बैल, अवजारे, बी-बियाणे लागते, आणि त्याला पैसा नव्हता. अशा वेळी अत्तालसचे मृत्युपत्र घेऊन दूत रोममध्ये आला. टायबेरियसने लगेच प्रस्ताव मांडला की, हा राजकोष नव्या शेतकऱ्यांना वाटावा आणि त्या राज्यातील नगरांचे काय करायचे हे सिनेटने नव्हे, लोकांनी ठरवावे. परराष्ट्रव्यवहार आणि खजिना ही तर सिनेटची मिरास होती. जमिनीच्या कायद्यावर जे सिनेटर एकवेळ गप्प बसले असते, तेही आता उठले. दूताने टायबेरियसला राजमुकुट आणि जांभळा झगा आणून दिला आहे, अशी कुजबुज सिनेटमध्ये याच सुमारास सुरू झाली.

प्रश्न (एक वाचक, नागपूर) : हत्येच्या दिवशी नेमके काय झाले? जबाबदार कोण?

उत्तर : पद संपले की आपल्यावर खटला होणार, हे ओळखून टायबेरियस लागोपाठ दुसऱ्यांदा ट्रिब्यूनपदासाठी उभा राहिला, हेही रिवाजाविरुद्ध होते. दिवस सुगीचे होते आणि त्याचे खेड्यांतील मतदार शेतात अडकले होते. मतदानाच्या सकाळी कॅपिटोलवर गोंधळ माजला. आवाज ऐकू जाईना, म्हणून जिवाला धोका आहे हे दाखवण्यासाठी त्याने डोक्याला हात लावला. विरोधकांनी धावत जाऊन सिनेटला सांगितले की, तो मुकुट मागतो आहे.

सिनेट जवळच निष्ठादेवीच्या मंदिरात बसली होती. प्रमुख पुरोहित स्किपिओ नासिका याने कॉन्सल स्कीव्होलाला कारवाई करण्यास सांगितले. (नासिका हे त्या घराण्यातील नाकावरून पडलेले टोपणनाव, लॅटिनमधील हा शब्द आणि आपली नासिका या एकाच मुळातून आलेल्या आहेत.) स्कीव्होला म्हणाला की, मी बळ वापरणार नाही आणि खटल्याशिवाय कोणा नागरिकाला मारणार नाही, लोकांनी काही बेकायदा ठराव केला, तर तो मी मानणार नाही. कायदेपंडिताला शोभेल असेच हे उत्तर होते. नासिका उठला, कॉन्सलने राज्याचा घात केला असे म्हणाला, ज्यांना राज्य वाचवायचे असेल त्यांनी माझ्यामागे यावे असे ओरडला, झग्याचा काठ डोक्यावर ओढून घेतला आणि चालू लागला. यज्ञाच्या वेळी पुरोहित असेच डोके झाकतो. सिनेटरांनी वाटेत पडलेल्या बाकांचे तुकडे आणि पाय उचलले. टायबेरियसला पहिला फटका बसला तो त्याच्याच एका सहकारी ट्रिब्यूनच्या हातातील बाकाच्या पायाचा. प्लुटार्कच्या नोंदीनुसार त्या दिवशी तीनशेहून अधिक माणसे काठ्या आणि दगडांनी मेली, लोखंडाने एकही नाही. प्रेत रात्रीतून पुरू द्यावे, ही धाकटा भाऊ गायसची विनंती नाकारून सर्व प्रेते टायबर नदीत टाकण्यात आली.

नासिका आणि टायबेरियस हे सख्खे मावसभाऊ होते. कार्थेजला नमवणाऱ्या थोरल्या स्किपिओच्या दोन मुलींची ही दोन मुले. बातमी नुमान्शियाच्या छावणीत पोचली तेव्हा मेहुणा स्किपिओ होमरची एक ओळ म्हणाला, असे करणाऱ्या प्रत्येकाचा असाच अंत होवो, अशा आशयाची. भाऊबंदकी हा शब्द आपण घरच्या वाटण्यांसाठी वापरतो. येथे ती एका राज्याच्या घटनेतून वाहिली.

जबाबदारी नासिकाची, यात आम्हांला शंका नाही. पण नंतर स्कीव्होलानेही त्या कृत्याचे समर्थन केले, असे सिसेरो सांगतो, आणि आम्हांला तो खुनाइतकाच गंभीर प्रसंग वाटतो. पुढच्या वर्षीच्या कॉन्सलांनी टायबेरियसच्या साथीदारांवर चौकशी बसवून अनेकांना मृत्युदंड दिला. नासिकाविरुद्ध मात्र लोकांचा संताप इतका होता की, सिनेटने त्याला शिष्टमंडळाच्या निमित्ताने रोमबाहेर काढले. त्याला पाठवले ते पर्गाममलाच, आणि तेथेच तो वारला.

प्रश्न (एक शिक्षक, सातारा) : रोमन लोक स्वतः या वर्षाला काय म्हणत?

उत्तर : स्कीव्होला आणि पिसो कॉन्सल असतानाचे वर्ष. रोमन लोक वर्षाला त्या वर्षीच्या दोन कॉन्सलांचे नाव देत, आणि कॉन्सल १ जानेवारीला पदावर येत. ट्रिब्यून मात्र १० डिसेंबरला येत, म्हणून टायबेरियसची कारकीर्द आपल्या मोजणीने इ.स.पू. १३४ च्या अखेरीस सुरू होते. यातील पिसो वर्षभर सिसिलीत गुलामांशी लढत होता. एन्ना येथे त्याच्या नावाच्या, गोफणीत घालून मारायच्या शिशाच्या गोळ्या सापडल्या आहेत.

प्रश्न (सांगलीचेच वाचक) : टायबेरियसबरोबर त्याचा कायदाही मेला का?

उत्तर : नाही, आणि हे अनेकांना ठाऊक नसते. खून करणाऱ्यांनी कायदा रद्द केला नाही. तीन सदस्यांचा आयोग काम करीत राहिला. इ.स.पू. १२९ मध्ये, वादग्रस्त जमिनींचा निवाडा करण्याचा आयोगाचा अधिकार स्किपिओ एमिलियानसच्या पुढाकाराने काढून कॉन्सलकडे देण्यात आला, तेव्हा ते काम थंडावले. तोवर किती जमीन वाटली गेली, याचा अंदाज काही अभ्यासक जनगणनेवरून करतात : इ.स.पू. १३१-१३० मध्ये ३,१८,८२३ नागरिक नोंदले गेले आणि सहा वर्षांनी ३,९४,७३६. ही वाढ जमीनवाटपाची की नुसत्या अधिक काटेकोर नोंदणीची, यावर वाद आहे. आमचा कल दोन्हींकडे थोडाथोडा आहे.

आयोगाने मोजणी करून रोवलेले दगड दक्षिण इटलीत मिळाले आहेत. गोल खांबासारखे हे दगड असून, काहींच्या माथ्यावर मोजणीच्या रेषा कोरलेल्या आहेत. बाजूवर तीन नावे आहेत : गायस सेम्प्रोनियस, ॲपियस क्लॉडियस, पब्लियस लिकिनियस. पहिला टायबेरियसचा धाकटा भाऊ, दुसरा सासरा, आणि तिसरा म्हणजे या गायसचा सासरा असलेला तोच क्रॅसस, जो टायबेरियसच्या रिकाम्या झालेल्या जागेवर नेमला गेला.